अक्षर आत, बाइट बाहेर: जँगोनं युनिकोडकडे जाताना जुनं कसं सांभाळलं

मथळ्यात 'बेळगाव' असं नीट लिहिलेलं असतं. पडद्यावर मात्र चौकोन दिसतात, प्रश्नचिन्हं दिसतात, नाहीतर डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए' आणि त्याला चिकटून चार पायांचं गोल चलनचिन्ह, अशी रांगच्या रांग दिसते. वीस वर्षांपूर्वी मराठी संकेतस्थळं उघडणाऱ्या बहुतेकांनी हा प्रकार पाहिलाय. जुन्या बातम्या धुंडाळताना तो आजही भेटतो. अनेकांना वाटतं, आपल्या कॉम्प्युटरमध्ये मराठी फॉन्ट नाही म्हणून असं होतं. फॉन्ट हे एक कारण असू शकतं, पण पुष्कळदा दुखणं खोलवर, संकेतस्थळ चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये असतं.

संकेतस्थळ बांधायला जी तयार चौकट वापरतात, तिला वेब फ्रेमवर्क म्हणतात. वाचकानं पत्ता टाकला की कुठलं पान द्यायचं, बातमी डेटाबेसमधून कशी काढायची, फॉर्ममध्ये भरलेलं नाव कुठं साठवायचं, ही सगळी हमाली फ्रेमवर्क करतं. या फ्रेमवर्कलाच 'अक्षर' म्हणजे काय हे नीट ठाऊक नसेल तर वर कितीही चांगला फॉन्ट लावा, उपयोग शून्य. आणि समजा ठाऊक नव्हतं, आता शिकवायचंय, तर त्यावर आधीपासून चालणाऱ्या संकेतस्थळांचं काय करायचं? जँगो नावाच्या फ्रेमवर्कनं २००७ साली हा प्रश्न सोडवला. कसा सोडवला, ते समजून घेतलं तर आपल्याकडच्या बऱ्याच घोळांचा उलगडा होतो.

अक्षर वेगळं, बाइट वेगळे

कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. त्याची साठवणूक बाइटमध्ये होते आणि एका बाइटमध्ये ० ते २५५ यांपैकी एकच आकडा मावतो. अमेरिकेत ठरलेल्या ॲस्की नावाच्या पद्धतीत १२८ चिन्हं होती: रोमन अक्षरं, अंक, विरामचिन्हं आणि काही यंत्राच्या खुणा. त्यामुळे इंग्रजीपुरतं 'एक अक्षर म्हणजे एक बाइट' हे समीकरण पक्कं बसलं.

बाकीच्या जगानं उरलेल्या १२८ जागांत आपापली अक्षरं बसवली. पश्चिम युरोपची तक्ता वेगळी, रशियाची वेगळी. भारतानंही इस्की हे मानक काढलं, त्याची १९९१ची आवृत्ती सर्वांत परिचित. अडचण अशी, की आकडा तोच, पण तक्ता बदलली की अक्षर बदलायचं. बाइट स्वतः सांगत नाही की मी कुठल्या तक्त्यातला.

युनिकोडनं जगभरच्या लिपींतल्या चिन्हांना स्वतःचा कायमचा क्रमांक दिला. देवनागरीला २३०४ ते २४३१ असा १२८ घरांचा वाडा मिळाला. त्यात 'क' २३२५ वर आणि आपला 'ळ' २३५५ वर राहतो. गुजराती, तेलुगू, कन्नड यांचे वाडे वेगळे, पण आतली मांडणी इस्कीच्या धर्तीवर सारखीच. देवनागरीचा 'क' आपल्या वाड्याच्या सुरुवातीपासून २१ घरं पुढे, कन्नडचा 'क'ही तसाच २१ घरं पुढे, ३२२१ वर. बेळगावात एकाच पानावर मराठी आणि कन्नड, बडोद्यात मराठी आणि गुजराती, हैदराबादेत मराठी आणि तेलुगू लागतं. जुन्या एक-बाइटी तक्त्यांत हे एकत्र बसणं कठीण होतं. युनिकोडमध्ये ते आपोआप बसतं.

आता क्रमांक २३२५ एका बाइटमध्ये मावत नाही. म्हणून तो साठवायची रीत लागते. आज सर्वत्र चालते ती रीत यूटीएफ-८. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी ती १९९२ मध्ये आखली. हिच्यात 'क' तीन बाइटांत जातो: २२४, १६४, १४९. देवनागरीचं त्या वाड्यातलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. 'बेळगाव' या शब्दात ब, एकारी मात्रा, ळ, ग, काना, व अशी सहा चिन्हं, म्हणजे १८ बाइट.

यूटीएफ-८ची खरी हुशारी पुढे आहे. ॲस्कीची जुनी १२८ चिन्हं तिनं जशीच्या तशी, एकाच बाइटमध्ये ठेवली. त्यामुळे १९८० सालची साधी इंग्रजी फाइल, काहीही न बदलता, वैध यूटीएफ-८ फाइलही असते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट यावर उभी आहे.

वर्तमानपत्राच्या कचेरीतून आलेलं फ्रेमवर्क

जँगोचा जन्म कुठल्या मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत झालेला नाही. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचं गाव आहे. तिथल्या 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' या स्थानिक वर्तमानपत्राच्या वेब विभागात २००३ साली एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन या दोघांनी हे काम सुरू केलं. बातमीदारीची घाई सांभाळून पानं पटापट उभी करता यावीत, हा हेतू. जुलै २००५ मध्ये ते सर्वांसाठी मोफत खुलं झालं. नाव ठेवलं जँगो राइनहार्ट या गिटारवादकावरून.

गाव इंग्रजी बोलणारं, बातम्या इंग्रजी, त्यामुळे सुरुवातीच्या जँगोत मजकूर बहुतांशी बाइटांच्याच रूपात फिरत होता. पण सॉफ्टवेअर खुलं झालं आणि जर्मनी, रशिया, चीन, ब्राझील अशा ठिकाणची मंडळी ते वापरू लागली. मग कुरबुरी सुरू झाल्या.

इंग्रजीत चालतं, बाकीच्या भाषांत पडतं

जँगो पायथन या भाषेत लिहिलेलं आहे. त्या काळच्या पायथन २ मध्ये मजकुराचे दोन प्रकार होते. एक बाइटांची माळ, दुसरा युनिकोड अक्षरांची माळ. दोन्ही एकमेकांना जोडता यायच्या. जोडताना पायथन गुपचूप गृहीत धरायचं, की बाइटांच्या माळेत फक्त ॲस्कीच असणार.

इंग्रजीत हे गृहीतक नेहमी खरं. 'स्मिथ' हे रोमन नाव बाइटमध्ये असो वा युनिकोडमध्ये, जोडलं की जोडलं जायचं. प्रोग्रामरला कळायचंही नाही, की आपण दोन वेगळ्या जातीच्या वस्तू एकत्र केल्यात. पण एखाद्या दिवशी कुणीतरी फॉर्ममध्ये देवनागरीत नाव भरलं, की पहिलाच बाइट २२४. ॲस्कीची हद्द १२७ पर्यंत. पायथन तिथंच थांबायचं, 'हा बाइट मला उलगडत नाही' म्हणायचं आणि वाचकासमोर पानाऐवजी चुकीचा संदेश यायचा.

यातली वाईट गोष्ट अशी, की चूक लिहिली जाते एका जागी आणि फुटते भलत्याच जागी. डेटाबेसमधून बाइट निघाले, चार फंक्शनांतून फिरले, पाचव्या ठिकाणी युनिकोड माळेला भेटले आणि तिथं स्फोट. चाचणी इंग्रजी मजकुरावर केलेली असल्यानं महिनोन्महिने काही दिसत नाही. दिसतं ते गिऱ्हाइकाला, तेही त्याचं आडनाव इंग्रजीत नसलं तरच. म्हणजे एकाच संकेतस्थळावर एकाला पान मिळतं आणि दुसऱ्याला मिळत नाही, आणि फरक फक्त नावाच्या लिपीचा.

सगळं मोडायचं की तसंच ठेवायचं?

उपाय दिसायला सोपा: आतला सगळा मजकूर युनिकोड करून टाका. पण जँगोवर तोवर कितीतरी संकेतस्थळं चालू होती. त्यांच्या लेखकांनी आपला कोड 'मजकूर म्हणजे बाइट' या समजुतीवर लिहिला होता. एका रात्रीत नियम बदलला तर चालती संकेतस्थळं बंद पडणार. आणि काहीच बदललं नाही तर इंग्रजीबाहेरचा प्रत्येक वापरणारा कायम ठेचकाळत राहणार.

जुनं न मोडता नवं आणणं, याला तांत्रिक भाषेत 'बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी' म्हणतात. आपल्याकडे जुन्या घराची डागडुजी करताना माणसं घरातच राहत असतात. एक खोली रिकामी करायची, तिचं छत बदलायचं, मग पुढची. चूल बंद पडता कामा नये. तसंच हे.

जँगोच्या मंडळींनी मुख्य कोडला हात न लावता वेगळी शाखा काढली. ऑस्ट्रेलियाचे माल्कम ट्रेडिनिक यांनी त्या कामाचा मोठा भार उचलला. इच्छुकांनी आपली संकेतस्थळं त्या शाखेवर चालवून पाहिली, अडचणी कळवल्या. जुलै २००७ मध्ये ही शाखा मुख्य प्रवाहात मिसळली. सप्टेंबर २००८ मध्ये जँगो १.० आलं, तेव्हा युनिकोड त्याचा पाया झालेला होता.

ही वेळही मोलाची ठरली. १.० पासून जँगोनं वचन दिलं, की यापुढे कोड लिहिण्याच्या रीती उगाच बदलणार नाहीत. वचन देण्याआधी पाया बदलून घेतला. तोच बदल वचनानंतर करायचा तर किंमत कितीतरी जास्त पडली असती.

उंबरठ्याचा नियम

त्यांनी धरलेलं तत्त्व एका वाक्यात सांगता येतं: घरात फक्त युनिकोड, बाइटांनी उंबरठ्यावर थांबायचं. बाहेरून आलेला माणूस जशी चप्पल दारात काढतो, तसं बाहेरून आलेल्या बाइटांचं दारातच अक्षरात रूपांतर करायचं. बाहेर जाताना पुन्हा चप्पल घालायची, म्हणजे अक्षरांचे बाइट करायचे.

मग प्रश्न उरतो दारं किती. फ्रेमवर्कला ती बरीच असतात. वाचकानं भरलेला फॉर्म हे एक दार. डेटाबेस हे दुसरं. डिस्कवर ठेवलेल्या पानांच्या साच्याच्या फायली, अर्थात टेम्प्लेट, हे तिसरं. भाषांतराच्या फायली, बाहेर जाणारा ईमेल, पानाचा पत्ता म्हणजे यूआरएल, ही आणखी. प्रत्येक दारावर एक पहारेकरी बसवला गेला आणि कुठली तक्ता धरायची हे त्याला सांगायची सोय केली. पानं आणि फॉर्म यांच्यासाठी एक सेटिंग, डिस्कवरच्या फायलींसाठी दुसरं. दोन्हींत आधीपासून भरलेलं उत्तर यूटीएफ-८. एखाद्या पानावर फॉर्म जुन्या तक्त्यात येत असेल तर त्या विनंतीपुरतं वेगळं सांगण्याचीही मुभा.

पत्त्याच्या दाराकडे जरा पाहू. यूआरएलमध्ये देवनागरी थेट जात नाही. प्रत्येक बाइटमागे टक्क्याचं चिन्ह आणि दोन खुणा, असं लिहावं लागतं. म्हणजे एका देवनागरी चिन्हाला नऊ जागा. 'बेळगाव' एवढ्या शब्दाला ५४. मराठी बातमीचा दुवा व्हॉट्सॲपवर पाठवला की टक्क्यांची मैलभर माळ का येते, त्याचं उत्तर हे. अक्षरांतून ही माळ बरोबर तयार व्हावी म्हणून जँगोत खास फंक्शनं आली.

जुन्यांसाठी काय ठेवलं?

सगळ्यात महत्त्वाचा निर्णय असा: जुन्या कोडनं बाइटांची माळ दिली तर तिला हाकलायचं नाही. ती घ्यायची आणि यूटीएफ-८ समजून उलगडायची. इथं यूटीएफ-८चा तो जुना गुण कामी आला. निव्वळ ॲस्कीत असलेला मजकूर आपोआप वैध यूटीएफ-८ असतोच. त्यामुळे इंग्रजी मजकुरावर चालणाऱ्या पुष्कळशा कोडला धक्काही लागला नाही. आणि ज्यांनी आपणहून यूटीएफ-८ बाइट वापरले होते, त्यांचंही निभावलं.

दुसरी सोय नावांची. जँगोत प्रत्येक नोंदीला, मग ती बातमी असो की वार्ताहर, 'स्वतःला मजकुरात कसं दाखवायचं' हे सांगणारी एक पद्धत लिहावी लागते. आधी ती बाइट द्यायची. नव्या रचनेत तिच्या जोडीला 'युनिकोड' नावाची पद्धत आली, जी अक्षरं देते. नव्या कोडनं फक्त दुसरी लिहायची. पहिलीची गरज पडली तर जँगो दुसरीचं उत्तर घेऊन यूटीएफ-८ बाइट करून देणार. आणि कुणी जुनीच ठेवली असेल तर तिचे बाइट यूटीएफ-८ समजून उलगडणार. दोन्ही बाजूंनी पूल.

भाषांतराच्या फंक्शनांचंही तसंच. बाइट देणारी जुनी नावं ठेवली आणि अक्षरं देणारी नवी नावं शेजारी आणली. ज्याला जमेल तसं त्यानं सरकावं.

यासोबत कोड हलवण्यासाठी एक छोटी यादी दिली गेली: ही पद्धत बदला, इथं हे फंक्शन वापरा, डेटाबेसची तक्ता तपासा. लांबलचक ग्रंथ दिला असता तर कुणी वाचला नसता.

तरीही काय तुटलं?

काहीच तुटलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. ज्यांचे बाइट यूटीएफ-८ मध्ये नव्हते, उदाहरणार्थ जुन्या रशियन किंवा पश्चिम युरोपीय तक्त्यात होते, त्यांना दारावर ते सांगावंच लागलं. डेटाबेसमधून आता बाइटांऐवजी अक्षरं येऊ लागली. त्यावर जुन्या सवयीनं बाइट करण्याचं फंक्शन चालवलं, की पायथन पुन्हा ॲस्की धरायचं आणि अडायचं. अशा जागा शोधून दुरुस्त कराव्या लागल्या.

डेटाबेसचं दार तर फ्रेमवर्कच्या पूर्ण ताब्यातही नसतं. डेटाबेसच पश्चिम युरोपीय तक्त्यावर उभा केला असेल तर मराठी तिथं टिकत नाही. लेखाच्या सुरुवातीला जी तिरक्या रेघेच्या 'ए'ची रांग सांगितली, ती इथंच तयार होते. २२४ हा बाइट त्या तक्त्यात डोक्यावर रेघ असलेला 'ए', आणि १६४ म्हणजे चार पायांचं चलनचिन्ह. एका 'क'चे तीन बाइट तीन वेगळी अक्षरं समजून साठवले आणि पुन्हा यूटीएफ-८ मध्ये घातले, की त्याच 'क'ला सहा किंवा जास्त बाइट लागतात. असा दुहेरी गुंडाळलेला मजकूर बऱ्याचदा सोडवता येतो. पण उलगडता न आलेल्या जागी प्रश्नचिन्ह बसलं असेल, तर मूळ अक्षर कायमचं गेलं.

दुसरं स्थलांतर

डिसेंबर २००८ मध्ये पायथन ३ आलं. त्यात मजकूर म्हणजे युनिकोडच, बाइट हा पूर्ण वेगळा प्रकार, आणि दोन्ही गुपचूप जोडणं बंद. जोडायला गेलात तर मजकूर इंग्रजी असला तरी लगेच चूक दाखवली जाते. हे कडक वाटतं, पण यामुळे चूक पहिल्याच दिवशी दिसते, गिऱ्हाइकाच्या आडनावाची वाट पाहत नाही.

जँगोनं उंबरठे आधीच आखून ठेवले होते, म्हणून मजकुराच्या बाबतीत या दुसऱ्या स्थलांतराचा मोठा हिस्सा झालेला होता. तरी घाई केली नाही. फेब्रुवारी २०१३ मधल्या १.५ मध्ये पायथन ३ प्रायोगिक म्हणून, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये १.६ मध्ये पक्कं. डिसेंबर २०१७ च्या २.० मध्ये पायथन २ ला निरोप. २००७ मध्ये आणलेली ती शेजारची नवी नावं आता निरर्थक झाली होती, कारण साधी नावंच युनिकोड देत होती. त्यांच्यावर ३.० मध्ये 'लवकरच काढणार' अशी सूचना लागली आणि डिसेंबर २०२१ च्या ४.० मध्ये ती काढली. आधी पूल, मग सूचना, मग पूल काढणं. पहिल्या पुलापासून शेवटच्यापर्यंत चौदा वर्षं गेली.

युनिकोड आलं म्हणजे सगळं झालं का?

नाही. आणि इथून पुढचं खास आपलं, मराठीचं आहे.

युनिकोडचा क्रमांक म्हणजे आपण मानतो ते अक्षर नव्हे. 'लक्ष्मी' हा शब्द आपल्याला दोन अक्षरांचा. युनिकोडला तो सात चिन्हांचा: ल, क, हलन्त, ष, हलन्त, म, दीर्घ वेलांटी. यूटीएफ-८ मध्ये २१ बाइट. नावाच्या रकान्याची मर्यादा बाइटांत मोजली तर आपलं नाव तिप्पट लवकर तोडलं जातं. चिन्हांत मोजली तरी कात्री मात्रेच्या किंवा हलन्ताच्या आधी पडू शकते आणि नाव अर्धवट राहतं.

दुसरं उदाहरण जँगोतलंच. मथळ्यावरून पत्त्याचा तुकडा करणारं एक फंक्शन त्यात आहे. सुरुवातीला ते ॲस्कीबाहेरचं सगळं टाकून द्यायचं, म्हणजे मराठी मथळ्याचं उत्तर रिकामं. डिसेंबर २०१५ च्या १.९ मध्ये युनिकोड ठेवण्याची मुभा आली. पण 'अक्षर कोणतं' हे ते पायथनच्या नियमावरून ठरवतं आणि त्या नियमात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही अक्षरं धरली जात नाहीत. परिणाम? 'बेळगाव'चं होतं 'बळगव'. 'निपाणी'चं 'नपण'. 'कोल्हापूर'चं 'कलहपर'. फ्रेमवर्क युनिकोडमय, तरी गावाचं नाव मोडलेलंच. मराठी पोर्टल चालवणाऱ्यांनी म्हणूनच इथं स्वतःचं फंक्शन लिहावं, नाहीतर पत्त्यात बातमीचा क्रमांक वापरावा.

तिसरं, एकच दिसणारी गोष्ट दोन प्रकारे लिहिली जाते. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक मिळाला २००८ साली, ५.१ आवृत्तीत. त्याआधी 'अ'वर चंद्र देऊन 'अॅ' लिहीत. डोळ्यांना दोन्ही सारखे, यंत्राला वेगळे. म्हणून 'ॲडव्होकेट' असं शोधलं की 'अॅडव्होकेट' लिहिलेल्या जुन्या बातम्या सापडत नाहीत. प्रमाणीकरणाचे युनिकोडचे ठरीव नियमही या दोघांना एक मानत नाहीत. शोध-सुविधा करणाऱ्यालाच ते एक करून घ्यावे लागतात.

'दर्या' आणि 'दऱ्या' यांतला फरक आपण पोरवयापासून जाणतो. एक समुद्र, दुसरी डोंगरातली. दुसऱ्यातला तो अर्धा र लिहायच्याही दोन रीती आहेत: नुक्त्याच्या र ला हलन्त लावून, किंवा साध्या र ला हलन्त देऊन पुढं एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. एखाद्या अतिउत्साही सफाई-प्रोग्रामनं 'न दिसणारी चिन्हं काढा' असं केलं, की दुसऱ्या रीतीनं लिहिलेल्या दऱ्यांचा दर्या होतो.

चौथं, डेटाबेसमधलं नाव फसवं असू शकतं. मायएसक्यूएलमध्ये 'यूटीएफ-८' या नावाचा जो जुना पर्याय होता, त्यात एका चिन्हाला तीनच बाइटांची जागा होती. देवनागरी त्यात मावते, म्हणून आपल्याला संशय येत नाही. पण इमोजीला चार बाइट लागतात. आणि २०१४ साली युनिकोडमध्ये आलेल्या मोडी लिपीलाही चारच लागतात. मोडी कागदपत्रांचं काम करणाऱ्यांनी चार बाइटांचा पर्याय निवडला पाहिजे. तो मायएसक्यूएलमध्ये २०१० पासून आहे.

आपल्या जुन्या फायलींचं काय?

जँगोला एक सुख होतं. त्यांचे जुने बाइट प्रामाणिक होते. चुकीची तक्ता धरली तर बहुतेक वेळा चूक ओरडून कळायची. आपल्याकडच्या जुन्या छपाईच्या फायलींत तसं नाही. श्रीलिपी, क्रुतीदेव अशा प्रणालींच्या जुन्या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या आणि इतर खुणांच्या जागी देवनागरीची चित्रं बसवलेली असत. म्हणजे फाइलमध्ये साठलेलं असतं रोमन, फॉन्ट लावला की दिसतं मराठी. यंत्राच्या लेखी ती बरीचशी साधी रोमन फाइल. युनिकोड फ्रेमवर्कमध्ये ती घातली तर कुठलीही चूक दिसणार नाही. मजकूर निमूट आत जाईल आणि वाचकाला कचरा दिसेल. ओरडणारी चूक बरी, गप्प बसणारी वाईट.

अशा फायलींना प्रत्येक फॉन्टचा वेगळा रूपांतर-तक्ता लागतो. शिवाय क्रमही फिरवावा लागतो. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी, व्यंजनाआधी टंकलेली असते. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. रफाराचं उलटं: 'गर्दी'त तो चित्रात द च्या डोक्यावर, शेवटी बसवलेला, पण युनिकोडमध्ये र आणि हलन्त द च्या आधी.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी गावांसाठी हा विषय केवळ तांत्रिक नाही. साहित्य संमेलनाचा वृत्तान्त, शाळेचा निकाल, एखाद्या शिक्षकाच्या निधनाची चार ओळींची बातमी, ही नोंद स्थानिक छोट्या पत्रांतच सापडते. ती फाइल उघडत नाही म्हणजे ती घटना पुढच्या पिढीला सापडत नाही.

जँगोच्या अनुभवातून छोट्या कचेरीला घेता येतील अशा गोष्टी थोड्या आहेत. मूळ फायली कधीही पुसू नका, रूपांतर नेहमी प्रतीवर करा. कुठली फाइल कुठल्या फॉन्टात आहे हे आधी लिहून काढा, कारण जाणती माणसं निवृत्त झाली की ते कुणाला सांगता येत नाही. रूपांतर आत येतानाच एकदा करा, दर पानावर पुन्हा पुन्हा नको. बातम्यांचे जुने पत्ते नव्या पत्त्यांकडे वळवून ठेवा, लोकांनी साठवलेले दुवे मरू देऊ नका. आणि नवं संकेतस्थळ बनवून देणाऱ्याला पैसे चुकते करण्याआधी फॉर्ममध्ये, शोधात आणि पत्त्यात हे पाच शब्द घालून पाहा: बेळगाव, लक्ष्मी, ॲडव्होकेट, दऱ्या, गर्दी. पाचही शब्द जसे घातले तसे परत आले तर निम्मं काम झालं. एखादा जरी मोडून आला, तर तिथंच थांबवून दुरुस्त करून घ्या.